मॅचच्या दिवशी गाडी मागे जात नाही

स्तारोउराल्स्क,
१२ ऑक्टोबर १९८८

प्रिय सोस्लान,

नमस्कार. तू, फातिमा, मुलं आणि तुझी आई सगळे बरे असाल असं धरून चालते. नऊ वर्षांनी लिहिते आहे, पण म्हणून अहोजाहो करणार नाही. माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर पाय टाकून, गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधून माझं सूप ओरपणाऱ्या माणसाला अहोजाहो करणं मला जमायचं नाही.

पत्ता क्लबच्या धोबिणीकडून, लुकेर्याकडून घेतला. तिला तू दर नव्या वर्षाला कार्ड पाठवतोस म्हणे. आम्हाला पाठवत नाहीस. तेही ठीक.

कामाचं लिहिते. आपल्या कारखान्याच्या 'लितेयश्चिक' क्लबला यंदा पन्नास वर्षं झाली. वार्तापत्राचा खास अंक निघणार आहे आणि त्यात सावेलीच्या कारकिर्दीवर लेख लिहायचं माझ्या गळ्यात पडलं आहे. मी आयुष्यभर ओतशाळेच्या प्रयोगशाळेत साच्यांची वाळू तपासली, फुटबॉलवर लिहिणं माझा विषय नाही. तेव्हा खाली लिहिलंय ते वाच आणि चुकलं असेल तिथे सांग. तू जवळजवळ दहा हंगाम त्याच्या डाव्या हाताला खेळलास. त्यालाच, माझ्या नवऱ्यालाच, विचारलं तर तो म्हणतो, "लिही, खेळला, म्हातारा झाला, ओरडायला लागला."

सावेली तिमोफेयेविच लुकोनिन. जन्म १९३८, भट्टीमागच्या बराकीत. सोळाव्या वर्षी साचे बनवणाऱ्यांकडे उमेदवारीला लागला आणि त्याच वर्षी कारखान्याच्या संघात आला. पाठीवर नऊ नंबर. बुटका, रुंद, आणि गोलकडे पाठ करून उभा असला की सर्वांत धोक्याचा. (हे वाक्य तुझं आहे. तू एकदा जेवताना म्हणाला होतास.) १९६४ मध्ये तू दक्षिणेतल्या आर्दोनहून आलास आणि त्याचे गोल दुप्पट झाले. हे मी लिहिलं आहे, वार्तापत्र छापेल की नाही माहीत नाही.

सत्ताविसाव्या वर्षी मॉस्कोहून बोलावणं आलं. दीड हंगाम तिथे काढला. राष्ट्रीय संघाबरोबर एका परदेश दौऱ्यावरही गेला, महिनाभर बाकावर बसला आणि एक मिनिटही न खेळता परत आला. आणलेली जर्सी मी धुवायला घेतली तर तिला घामाचा वासच नव्हता. त्यानंतर त्याने मॉस्को सोडलं. कागदोपत्री कारण 'कौटुंबिक' आहे. मला त्याने सांगितलं होतं, "तिथे डावीकडून चेंडूच येत नाही." लेखात काय लिहू?

१९७५ला बूट टांगले. मॉस्कोला प्रशिक्षकांचा अभ्यासक्रम केला आणि १९७७पासून 'लितेयश्चिक'चा प्रशिक्षक. पुढचं तुला माहीत आहे, १९७९पर्यंतचं तरी. त्यानंतर एकदा वरच्या विभागात गेलो, तिथून परत खाली आलो, आणि यंदा इथूनही खाली जायची वेळ आली आहे. शेवटची मॅच २९ तारखेला, आपल्याच मैदानावर, शेजारच्या टर्बाइनवाल्यांशी. बरोबरी झाली तरी तरतो.

अंधश्रद्धांचा परिच्छेद मी गाळला आहे. वार्तापत्राला चालणार नाही. पण तुझ्या माहितीसाठी, सगळं अजून जसंच्या तसं आहे. मॅचच्या दिवशी बसमध्ये बाईने चढायचं नाही, निघण्याआधी मिनिटभर सगळ्यांनी मुकाट बसायचं, आणि बस काही झालं तरी मागे घ्यायची नाही. त्या वर्षी फाटकाशी गाडी मागे घेतली आणि सहा गोल खाल्ले, ते अजून नव्या पोरांना सांगतात. सहाचे आता आठ झाले आहेत.

बाकी इकडे थंडी लवकर आली. सावेली ठीक आहे. थोडा थकला आहे. यंदा कोबी मी एकटीने चिरला, तो खिडकीपाशी बसून बघत होता. सध्या तो घरी नाही, त्यामुळे टेबल मोकळं आहे आणि लिहायला बरं पडतंय.

२९ला जुन्या खेळाडूंना बोलवायचं घाटत आहे. तू इकडे येण्यासारखा आहेस का? सहज विचारते.

चुका कळव. घाई नाही. वीस तारखेच्या आत कळव.

अग्निया लुकोनिना


स्तारोउराल्स्क,
२० ऑक्टोबर १९८८

सोस्लान,

तुझी तार मिळाली. "लेख बरोबर. खरं लिही." पोस्टातल्या बाईने ती मला मोठ्याने वाचून दाखवली आणि वर विचारलं, "नवऱ्याचं बाहेर काही आहे का?" मी म्हटलं, आहे, अकरा जणांशी आहे.

तर खरं लिहिते. हे पत्र टपालात टाकत नाही, आठवडा जाईल. दक्षिणेच्या गाडीतल्या डबा सांभाळणाऱ्या बाईच्या हाती देते आहे, सोबत तिच्यासाठी मशरूमची एक बरणी. गाडीचा आणि डब्याचा नंबर तारेने कळवला आहे. स्टेशनवर जाऊन घे. बाई बरणीही देऊ लागली तर घेऊ नकोस, ती तिची आहे.

लेख वगैरे काही नाही. वार्तापत्राने मला काही लिहायला सांगितलेलं नाही. मला तुला लिहायचं होतं आणि नऊ वर्षांनी सुरुवात कुठून करायची ते सुचेना, म्हणून त्याची कारकीर्द लिहिली. त्यातला शब्दन्‌शब्द मात्र खरा आहे.

"सध्या तो घरी नाही" असं लिहिलं होतं. तो इस्पितळात होता, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर.

आठ तारखेला, शनिवारी, इथेच मॅच होती. टीम नेहमीसारखी आदल्या दिवसापासून जंगलातल्या सरावाच्या तळावर. सकाळी बस निघाली. नदीकाठचा रस्ता तुला माहीत आहे. एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला कारखान्याची भिंत, पुलापर्यंत गाडी वळवायला जागा नाही. मध्ये एकच फाटक लागतं, इस्पितळाचं. बस ते फाटक ओलांडून थोडी पुढे गेली आणि सावेलीच्या हातातून चहाचा पेला पडला.

हे मला सावेलीने सांगितलेलं नाही. ड्रायव्हर अफानासिच मंगळवारी घरी आला, टोपी हातात चुरगाळत दारातच उभा राहिला. आत ये म्हटलं तर येईना.

"आरशात बघितलं तर सावेली तिमोफेइचचं तोंड मेणासारखं," तो म्हणाला. "मी ब्रेक मारला. म्हटलं, इस्पितळ आत्ताच मागे राहिलंय, घेऊ का मागे? तर म्हणतात कसे, 'डोकं फिरलंय का तुझं? मॅच आहे आज.'"

"मग तू काय केलंस?"

"मी काय करणार, अग्निया पाव्लोव्हना? नियम त्यांचाच. पुढे घेतली. पुलावरून फिरून येऊ म्हटलं, तर रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी. संपता संपेना."

"आणि बाकीचे?"

"बसले होते."

"वीस धट्टीकट्टी माणसं, अफानासिच. दार उघडायचं, त्याला उचलायचं आणि चालत मागे न्यायचं. सिगारेट ओढून होईल एवढा रस्ता."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चिनी बोलले. मग तो पायरीवर बसला. "ते कोणाच्या डोक्यातच आलं नाही हो," म्हणाला. "गाडी मागे घ्यायची की नाही, एवढंच सगळे बघत होते."

मालगाडी गेली तोवर सावेलीने फर्मान काढलं होतं की बरं वाटतंय, सरळ मैदानावर चल. क्लबच्या डॉक्टरने जिभेखाली गोळी दिली. तो मॅचभर बाकावर बसला, टोपी आपटली, पंचांच्या आईचा उद्धार केला. शून्य-शून्य. घरी येऊन म्हणाला, जळजळतंय. रविवारी मी कोबी चिरायला काढला आणि तो उठला नाही, तेव्हा मला कळलं की जळजळ नव्हे. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, कोबीचा सुरा त्याने मला एकदाही हातात घेऊ दिला नव्हता.

सोमवारी मी त्याला दंडाला धरून इस्पितळात नेलं. हृदयरोगाच्या डॉक्टर रिम्मा ल्वोव्हना माझ्यासारख्याच आहेत, साखर लावून बोलत नाहीत. "झटका येऊन गेलेला आहे," म्हणाल्या. "सहा आठवडे पडून राहायचं. नंतर बघू."

"आणि २९ला मॅचला गेला तर?"

"तर तुम्ही विधवेचा काळा रुमाल धुऊन ठेवा."

परवा, अठरा तारखेला, तो स्वतःच्या जबाबदारीवर सही करून इस्पितळातून निघाला आणि सरळ तळावर गेला. मी मागोमाग गेले. तो मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसला होता, अंगावर दोन कोट.

"सहा आठवड्यांत मॅच होऊन जाते, अग्निया."

"आणि तू राहतोस."

"खाली गेलो तर क्लब बंद करतील. वरून तसं कळवलंय. पन्नास वर्षांचा क्लब, तो काय झोपून बंद पाडू?"

"झुबोव आहे ना." झुबोव म्हणजे त्याचा मदतनीस. हुशार आहे, अंगावर सूट असतो.

"झुबोव दोन वर्षं माझ्या खुर्चीचं माप घेतोय. पोरं त्याच्याकडे बघणारसुद्धा नाहीत. त्याला जागा देण्यापेक्षा मी तिथेच मरतो." हे तो हसत म्हणाला. मला ते हसणं आवडलं नाही.

"मग कोणाला देशील?"

तो सरावाकडे वळला. शुबिन एकटाच गोलवर चेंडू मारत होता. तू गेलास तेव्हा तो नवीन होता, आता पस्तीस वर्षांचा आहे, पाठ गेलेली, ही त्याची शेवटची मॅच. शेवटी सावेली म्हणाला, "होता एक. त्याला मीच घालवला."

म्हणून मी लिहिते आहे.

आता दुसरी गोष्ट. ती सांगणार नाही अशी त्याने माझ्याकडून शपथ घेतली होती. ती मोडते.

१९७९च्या तुझ्या शेवटच्या मॅचच्या आधी क्लबच्या डॉक्टरने सावेलीला तुझ्या गुडघ्याची फिल्म दाखवली. आणखी एक धडक बसली तर पाय जन्मभर वाकणार नाही, असं सांगितलं. म्हणून त्याने तुला मैदानात उतरवलं नाही. तुला सांगितलं असतं, तर तू ऐकलं नसतंस. त्याच्या कॉलरला धरून मैदानात गेला असतास. तुझी आई चीज भरलेल्या तीन गोल पोळ्या कापडात बांधून एवढ्या लांबून आली होती आणि स्टँडमध्ये पहिल्या रांगेत बसली होती. तू बूट बांधून शेवटच्या शिटीपर्यंत बाकावर बसलास. त्याने एकदाही मान वळवली नाही. मी स्टँडमधून बघत होते. संध्याकाळी तू खोली रिकामी करून गेलास आणि तो स्वयंपाकघरात त्या स्टुलाकडे तोंड करून बसला.

त्याने बरोबर केलं असं मी म्हणत नाही. तोंडावर सांगायला हवं होतं, मग तू त्याला मारलं असतंस तरी चाललं असतं. आणि त्या दिवशी जिंकणं भाग होतं, तू छत्तिसाव्या वर्षी धावू शकत नव्हतास, हेही त्याच्या मनात असणार. मी त्याला देव करत नाही. पण गुडघ्याचं खरं आहे.

आता तो तिथे आहे जिथे तू होतास. त्याला खेळाबाहेर बसवायला कोणी नाही, एवढाच फरक.

सोस्लान, २९ला सकाळी दक्षिणेची गाडी इथे येते. तू ये. सरळ मैदानावर जा आणि त्याच्या जागेवर बस. क्लबच्या संचालकांशी मी बोलले आहे, लुकोनिन स्वतः सोडत असेल तर त्यांची हरकत नाही. टीम जमेल तेवढी सांभाळ, ते तुझं काम. त्याला तिथे पोहोचू न देणं माझं काम. कसं करणार ते अजून ठरलेलं नाही. दुसऱ्या कोणासाठी तो ती जागा सोडणार नाही, एवढं मला माहीत आहे.

यायचं नसेल तर तार करू नकोस. मी गाडी बघेन, तू नसलास की मला कळेल.

काल वाळूचा ओलावा मोजताना दोनदा आकडा चुकला. आजवर कधी चुकला नव्हता. माझ्या हाताखालच्या मुली एकमेकींकडे बघत होत्या. मी त्यांना कामाला लावलं.

अग्निया


स्तारोउराल्स्क,
३ नोव्हेंबर १९८८

प्रिय सोस्लान,

घरी पोहोचला असशील. तुला स्टेशनवर सोडायला आले नाही आणि धड दोन शब्द बोललेही नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तुला जे दिसलं नाही ते लिहिते.

शनिवारी सकाळी मी तळावर पोहोचले तेव्हा सगळे निघण्याआधीचं मिनिटभर मुकाट बसले होते. पिशव्यांवर, पायऱ्यांवर, शुबिन उलट्या बादलीवर. मीही कठड्यावर टेकले. सगळे उठले तशी मी त्यांच्या आधी बसमध्ये चढले. गोलकीपर दारातच अडला.

"अग्निया पाव्लोव्हना, अहो, मॅचच्या दिवशी बायकांनी..."

"माहीत आहे. सरक."

सावेली माझ्या शेजारी येऊन बसला. रंग राखेचा. "उतर," म्हणाला.

"नाही."

"पोरं बघतायत."

"बघू देत. बायको आहे, रेफ्री नव्हे."

मागे कोणी तरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. बस निघाली. काय बोलायचं ते मी आठवडाभर ठरवत होते. वाद घालायचा नाही आणि रडायचं नाही, एवढंच ठरलं होतं. भट्टीची चिमणी दिसायला लागली तेव्हा मी म्हटलं, "तुझी जागा आज रिकामी नाही."

"झुबोव?"

"सोस्लान."

त्याने कोटाचं वरचं बटण लावलं. मग म्हणाला, "कोणी बोलावलं?"

"मी."

"त्याला काय सांगितलंस?"

"सगळं. गुडघ्याचंसुद्धा."

मला वाटलं आता ओरडेल. ओरडला नाही. नदीकडे बघत राहिला. मग इतक्या हळू बोलला की मला कान पुढे करावा लागला. "लंगडतो का?"

"मी बघितलं नाही अजून. अफानासिचचा भाऊ त्याला स्टेशनवरून सरळ मैदानावर घेऊन गेला, तसा त्याने तळावर फोन केला."

इस्पितळाचं फाटक आलं. मी तोंड मिटून बसले. मी बोलले असते तर तो हट्टाने पुढे गेला असता, ते मला माहीत होतं, पण हातातल्या पिशवीचा बंद मी ओढून तोडला, हे नंतर कळलं. फाटक मागे गेलं. माझ्या मनात आलं, संपलं. मैदान, बाक, टोपी आपटणं. काळा रुमाल.

"अफानासिच, थांब," सावेली म्हणाला.

बस थांबली.

"मागे घे."

अफानासिचने आरशात बघितलं. "तिमोफेइच, आज मॅचचा..."

"आज काय आहे ते मला माहीत आहे. मागे घे."

गोलकीपरने छातीवर क्रूसाची खूण केली, तीही उघड, आणि तो कम्युनिस्ट युवक संघाचा चिटणीस आहे. शुबिनने डोळे मिटले. आणि ती बस, सोस्लान, सबंध टीमला घेऊन, भिंतीला लागून, इंजिन रडवत मागे गेली, फाटकापर्यंत. मला कोणी उचलून धरलं नव्हतं, पण मी बसल्या जागी तरंगत होते.

तो आपल्या पायांनी उठला. दारात वळला. "मी उतरलो म्हणून पाय ढिले सोडू नका," म्हणाला. "आज तिथे जो बसलाय त्याचं ऐकायचं. त्याचा स्वभाव माझ्यापेक्षा वाईट आहे."

तासाभरात, खाटेवर पडल्यावर, रिम्मा ल्वोव्हना समोर उभ्या असताना, दुसरा झटका आला. मोठा. मला बाहेर काढलं. त्या वेळी तुम्ही मैदानावर पाय मोकळे करत होता. पुढचं मी लिहीत नाही. रिम्मा ल्वोव्हना बाहेर आल्या तेव्हा त्यांची टोपी घामाने भिजलेली होती आणि त्यांनी माझा हात धरला. ही बाई कोणाचा हात धरत नाही. "आणखी थोडा उशीर झाला असता तर," एवढंच म्हणाल्या आणि पुढचं वाक्य सोडून दिलं.

मॅच संपायच्या सुमाराला त्यांनी मला आत सोडलं. तो डोळे मिटून होता, पण झोपलेला नव्हता. कारखान्याच्या भोंग्याकडे कान लावून होता. जिंकलो किंवा तरलो की भोंगा वाजतो, हे तुला सांगायला नको. आम्ही दोघं वाट बघत राहिलो. रस्त्यावरून लोक जायला लागले, पायांचे आवाज येत होते, बोलण्याचे नाहीत. भोंगा वाजला नाही.

"मागे घेतली ना गाडी," तो म्हणाला. ओठाचा एक कोपरा हलला.

मग तू आलास. नर्सने तुला वर सोडलं नाही, म्हणून तू अंगणात खिडकीखाली उभा राहिलास, इथे सगळेच राहतात तसा. तुला वाटलं असेल वर कोणी बघत नाही. त्याला मान उचलायची मनाई होती. मी पर्समधला छोटा आरसा काढला, खिडकीच्या वरच्या झडपेतून हात बाहेर काढला आणि तो तिरका करत करत तुला त्यात आणलं. आरशात आधी छप्पर दिसलं, मग बर्चचं झाड, मग तू. तू टोपी काढून वर बघत होतास. नंतर टोपी घातलीस आणि फाटकाकडे चालत गेलास. तो शेवटपर्यंत बघत होता. माझा हात थंडीने बधिर झाला, तरी "हलवू नकोस" म्हणत होता. तू फाटकाबाहेर गेलास तेव्हा म्हणाला, "सरळ चालतो."

एवढंच. मग झोपला.

आता गावाचं. क्लबचं काय होणार ते डिसेंबरात ठरेल. ओतशाळेत मला बघून बोलणी थांबतात. काल डब्याच्या वेळेला एक जण मला ऐकू येईल असं म्हणाला, "बाई बसमध्ये चढली, गाडी मागे गेली, आता भूकंप तेवढा बाकी आहे." मी त्याच्यासमोर जाऊन बसले आणि माझं सूप संपवलं. त्याला बिचाऱ्याला आपलं संपवता आलं नाही. तुला दोष देणारं कोणी नाही. शेवटच्या मिनिटांत खाल्लेल्या गोलला कोण काय करणार. अफानासिच मात्र रोज येतो, खाली उभा राहून खिडकीकडे ओरडून मॅचचा एकेक तुकडा सांगतो, नर्स हाकलेपर्यंत.

सावेलीचं म्हणशील तर, रिम्मा ल्वोव्हना म्हणतात पहिला आठवडा जाऊ दे, मग मी तोंड उघडेन. आज सहावा दिवस. दुपारी त्याची बोटं जरा निळसर वाटली मला. त्या म्हणाल्या, उजेडामुळे. मी पडदा लावून पुन्हा बघितली. प्रशिक्षक म्हणून तो पुन्हा उभा राहणार नाही, हे नक्की. ते त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. त्याला माहीत आहे असं वाटतं, कारण त्याने शिटी मागितली नाही. एरवी ती उशाशी असते.

काल संध्याकाळी अचानक म्हणाला, "त्याला पत्र लिही."

मी पेन काढलं.

"लिही. शुबिनला फार उशिरा उतरवलं. शेवटची दहा मिनिटं म्हणजे काय. शेवटची मॅच होती त्याची. सुरुवातीपासून खेळवायला हवा होता. हरलो असतो तर हरलो असतो."

मी लिहिलं आणि पुढच्या वाक्यासाठी थांबले.

"झालं," म्हणाला. "वाच बघू."

मी वाचून दाखवलं, आणि वाचताना मला बूट बांधून बाकावर बसलेला तू दिसलास. तो छताकडे बघत होता. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाला, "नाव शुबिनचंच राहू दे."

राहू दिलं आहे.

तुमच्या दोघांची,
अग्निया